उंच धक्क्यावरून मोठा मासा वर घ्यायचा कसा?

प्रश्न थोडक्यात असा आहे: पाण्यापासून सात-आठ मीटर उंच धक्क्यावरून गरवतो. तीन-चार किलोचा मासा दोरीनेच वर ओढून घेता येतो. त्याहून मोठा मासा पाण्याच्या वर तोंड काढेपर्यंत नीट येतो, पण उचलायला गेलं की दोरी तुटते, नाहीतर गळ तोंडातून सुटतो. सध्या 15 किलोपर्यंत ताण पेलणारी ब्रेडेड, म्हणजे बारीक धागे विणून केलेली दोरी आहे. 30 किलोची घेतली तर काम होईल का?

नाही होणार. दोरी बदलण्याआधी एक गोष्ट मनातून काढून टाका, की मासा वर आणणं हे दोरीचं काम आहे. दोरीने मासा दमवायचा आणि धक्क्याच्या पायथ्याशी आणायचा, तिथे तिचं काम संपलं. पुढचे सात-आठ मीटर मासा दुसऱ्या कशातरी साधनाने यायला हवा. हे साधन काय, ते कोण धरणार आणि कुठून खाली सोडणार, हे पहिला गळ पाण्यात टाकायच्या आधी ठरलेलं असलं पाहिजे. उंचावरून निसटलेल्या माशांपैकी बहुतेक मासे तिथेच निसटलेले असतात, कारण मासा लागल्यावर लोक विचार करायला लागतात.

पाण्यात नेमकं काय घडतं ते बघा. मासा पाण्यात असेपर्यंत त्याचं वजन पाणीच पेलत असतं. तुमच्या दोरीवर ताण येतो तो त्याच्या पोहण्याच्या जोराचा. दमलेला दहा किलोचा मासा आडवा पडला की एका हाताने अलगद ओढता येतो, आणि त्यामुळेच फसायला होतं. त्याचं धड पाण्याबाहेर आलं की पूर्ण दहा किलो दोरीवर येतात. वर तो हवेत एक झटका देतो. टांगलेलं वजन अचानक दोरीवर पडलं की ताण क्षणभर दुपटीपर्यंत जातो. म्हणजे दहाचे वीस झाले. त्यात गाठ. दोरीच्या वेष्टनावर लिहिलेली ताकद सरळ, कोऱ्या दोरीची असते. गाठ मारली की त्यातला काही भाग जातोच, आणि घाईत मारलेल्या गाठीत बराच जातो. धक्क्याच्या काठावर दोरी घासली, तर उरलेली ताकदही गेली. ब्रेडेड दोरी ताणाला जबरदस्त असली तरी सिमेंटच्या काठावर किंवा कालवांच्या धारेवर ती बघता बघता कापली जाते. शिवाय ती फारशी ताणली जात नाही, त्यामुळे माशाचा प्रत्येक हिसका जसाच्या तसा गळापर्यंत पोहोचतो.

आता समजा, 30 किलोची दोरी घेतली. दोरी तुटणार नाही, पण साखळीतली पुढची कच्ची कडी तुटेल. गळ सरळ होईल, किंवा ज्या मांसात तो रुतलाय ते फाटेल. माशाच्या ओठाची कातडी दोरी बदलल्याने जाड होत नाही. तुमचे जे मासे गळ सुटून गेले, ते याच कारणाने गेले.

शेवटी राहतो रॉड. मी नवखा होतो तेव्हा माझा एक चांगला कार्बनचा रॉड असाच गेला. खाली सहा-सात किलोचा ट्रेव्हली जातीचा मासा आडवा पडला होता, आजूबाजूला माणसं गोळा झाली होती, आणि मी टोक आकाशाकडे करून रॉड मागे खेचला. टोकापासून हातभर खाली तो फटाक्यासारखा फुटला, दोरी तुटलेल्या कडेवर आपटली आणि मासा गेला. रॉड उभा करून मागे झुकवला की भार जाड बुंध्यावरून सरकून बारीक टोकावर जातो, आणि टोक तेवढ्यासाठी बनवलेलंच नसतं. भार असताना बुंधा क्षितिजापासून साठ अंशांच्या वर नेऊ नका. आणि हिशेब हवा असेल तर हा घ्या: टोक बुंध्यापासून आडव्या अंतराने दोन मीटर पुढे आहे आणि तुमचा पुढचा हात बुंध्यापासून अर्धा मीटर वर आहे, तर टोकाला लटकलेल्या पाच किलोच्या माशासाठी त्या हाताला वीस किलोचा जोर लावावा लागतो. रॉड ही तरफ आहे, पण उचलताना ती तुमच्या विरुद्ध काम करते.

म्हणजे उंचावरून मोठा मासा मिळतच नाही का? मिळतो. 1964 मध्ये वॉल्टर मॅक्सवेल यांनी अमेरिकेत साउथ कॅरोलायनातल्या चेरी ग्रोव्ह पिअरवरून 807 किलोचा टायगर शार्क पकडला होता. आंतरराष्ट्रीय विक्रमांची नोंद ठेवणाऱ्या आयजीएफए या संस्थेची सगळ्यात जाड दोरीची श्रेणीच 60 किलोची आहे. मासा दमवायला त्याच्या वजनाची दोरी कधीच लागत नाही.

तर सुरुवात जागेपासून करा. धक्क्यावर पोहोचलात की सामान उघडायच्या आधी एक फेरी मारा आणि सगळ्यात खालची जागा शोधा: पायऱ्या, होड्यांचा उतार, धक्का जिथे किनाऱ्याला मिळतो तिथली वाळू. अशी जागा असेल आणि वाटेत फार खांब नसतील, तर मोठा मासा उचलूच नका, त्याला चालवत तिथपर्यंत न्या. दमलेला मासा सतत हलका ताण ठेवला की आश्चर्य वाटावं इतक्या शांतपणे बरोबर येतो. घाई केली की बिथरतो. मी शंभर-दीडशे पावलं चालवत नेलेले मासे आहेत, आणि माझ्या मते उपलब्ध असेल तिथे हाच सगळ्यात चांगला मार्ग आहे. वाटेत दुसऱ्यांच्या दोऱ्या असतील तर आधी आवाज द्या. लोक दोऱ्या गुंडाळून वाट देतात. मात्र पायऱ्यांवर शेवाळ असेल किंवा लाट त्यांच्यावरून जात असेल, तर ती जागा नाही असंच समजा.

उंचीही मोजा, आणि ओहोटीची मोजा. भरती-ओहोटीत तीन मीटरचा फरक असेल तर भरतीला पाच मीटर असलेला धक्का ओहोटीला आठ मीटरचा होतो. उधाणाच्या दिवसांत फरक आणखी वाढतो. मोठ्या माशामागे असाल तर भरतीचे शेवटचे दोन तास आणि ओहोटीचा पहिला तास धरा. मासे त्या वेळी खातात की नाही हे जागेवर अवलंबून आहे, पण उचलायचं अंतर नक्की कमी असतं.

खालची जागा नसेल तर ड्रॉप नेट. कडीला बांधलेलं, दोराने सरळ खाली सोडायचं जाळं. माझ्या मते उंचावरून गरवणाऱ्याकडे रॉडनंतरची दुसरी वस्तू हीच हवी. कडी निदान पाऊण मीटर व्यासाची, मोठ्या माशासाठी एक मीटरची. तिला तीन किंवा चार समान अंतरांवर छोटे दोर, ते वर एका कडीत एकत्र, आणि तिथून मुख्य दोर. जाळ्याला चांगली खोली हवी. उथळ जाळ्यातून मासा एका उडीत बाहेर जातो. जाळ्याच्या तळाशी मध्यभागी शिशाचं वजन बांधा, नाहीतर वारा जाळं खांबावर नेऊन आपटतो आणि पाण्यात ते बुडायलाच तयार होत नाही. मुख्य दोर आठ-दहा मिलिमीटर जाडीचा घ्या. बारीक दोर वजन पेलतो, पण तळहात कापतो. लांबी ओहोटीच्या उंचीपेक्षा तीन-चार मीटर जास्त, आणि दर मीटरवर एक गाठ, म्हणजे ओला दोर हातातून सरकत नाही. दुसरं टोक कठड्याला बांधा. कमरेला किंवा मनगटाला कधीही नाही.

जाळं कधी सोडायचं? मासा दमून कुशीवर पडल्यावर. ताज्या दमाच्या माशाला जाळं दिसलं की तो पुन्हा तळ गाठतो, आणि या वेळी धक्क्याखाली घुसतो. जाळं धरणारा माणूस प्रवाहाच्या खालच्या बाजूला उभा असावा. जाळं पृष्ठभागाखाली अर्धा ते एक मीटर बुडवून स्थिर ठेवायचं आणि मासा त्याच्यावर आणायचा. माशाच्या मागे जाळं पळवायचं नाही! ही चूक मी इतक्या वेळा पाहिली आहे, की आता जाळंवाल्याला आधीच सांगतो, तू फक्त दोर धरून उभा राहा, मासा तुझ्याकडे मी आणतो. मासा डोक्याकडून आत यायला हवा. शेपटीला जाळं लागलं की तो पुढे झेप घेतो. डोकं बाहेर असेल तर झेप बाहेर, डोकं आत असेल तर झेप जाळ्यातच.

डोकं आणि निम्म्याहून जास्त धड कडीच्या आत आलं की जाळंवाला एका लयीत ओढायला लागतो, आणि त्याच क्षणी रॉडवाल्याने दोरी सैल सोडायची. हे बहुतेकांना माहीत नसतं. उत्साहात रॉड ताणलेलाच राहतो आणि दोरीच माशाला जाळ्यातून बाहेर उचलते. जाळं चढत असताना रॉडला काही काम नाही. जाळंवाल्याने कठड्यावरून वाकू नये. पाय फाकवून, गुडघे थोडे वाकवून, दोर हातावर हात टाकत घ्यायचा. दहा-बारा किलोच्या वरच्या माशाला दोन माणसं लागतात. तीन-तीन काट्यांचे गळ असलेलं कृत्रिम आमिष वापरत असाल तर जास्त जपा: मोकळा काटा कडीबाहेरच्या जाळीत अडकला की मासा ना आत ना बाहेर. अशा आमिषांना मी एकेरी गळ बसवून घेतो.

हे सगळं शेवटच्या दहा मिनिटांचं. पण ती दहा मिनिटं सोपी जावीत म्हणून मासा लांब असतानाच दमवायला हवा, आणि त्यामागे साधी भूमिती आहे. आठ मीटर उंचीवर उभे आहात आणि मासा चाळीस मीटर दूर आहे, तर दोरीचा पाण्याशी कोन जेमतेम अकरा अंशांचा असतो. मासा आठ मीटरवर आला की पंचेचाळीस, आणि दोन मीटरवर आला की पंचाहत्तरच्या वर. लांब असताना तुम्ही त्याला डावीकडे, उजवीकडे, बाजूने ओढू शकता. त्याचं डोकं वळवू शकता, आणि डोकं वळवलं की मासा दमतो. पायाखाली आला की फक्त वर ओढणं उरतं. लोक नेमकं उलट करतात. लांब असताना घाईने गुंडाळून आणतात आणि पायाखाली ताज्या दमाच्या माशाशी झुंजत बसतात.

ड्रॅग, म्हणजे ज्या ताणाला रिळातून दोरी सुटायला लागते तो ताण, दोरीच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश ठेवा. तुमच्या 15 किलोच्या दोरीला चार-पाच किलो. हे हाताने अंदाजाने नको, दोरी रॉडच्या सगळ्या कड्यांमधून ओवून ताणकाट्याला बांधा आणि रॉड वाकवून मोजा. पहिल्यांदा मोजाल तेव्हा कळेल की पाच किलो म्हणजे किती जोर असतो. ब्रेडेड दोरीच्या पुढे, गळाच्या बाजूला, 30 ते 40 किलोच्या जाड तंगुसाचा तुकडा, म्हणजे लीडर जोडा, कारण खांबाला आणि काठाला घासणारा भाग तो असतो, आणि तंगूस थोडा ताणला जात असल्यामुळे हिसकेही खातो. लीडर उंचीपेक्षा लांब असेल आणि जाड हातमोजे असतील, तर पाच-सहा किलोपर्यंतचा मासा लीडर हातात धरून वर घेता येतो. दोरी हाताला गुंडाळायची मात्र नाही. एकदाही नाही. माशाने खाली झेप घेतली तर वेढा बोटात रुततो आणि सोडवायला वेळ मिळत नाही.

खांबाभोवती मासा गेलाच तर ओढू नका, कारण ओढाल तितकी दोरी कालवांवर करवतीसारखी चालते. रॉडचं टोक खाली पाण्याकडे न्या आणि दोरी पूर्ण सैल सोडा. ताण संपला की पुष्कळदा मासा पळायचा थांबतो आणि ज्या वाटेने गेला त्याच वाटेने बाहेर येतो. यासाठी धीर लागतो. अर्धा मिनिट फार मोठा वाटतो, पण मी असे बरेच मासे परत मिळवलेत.

आकडीबद्दल, म्हणजे गॅफबद्दल. खायला ठेवणार असाल आणि त्या माशाला आकडी लावायला तिथल्या नियमांत मनाई नसेल, तरच. चार-सहा मीटरची लांब दांड्याची आकडी कमी उंचीच्या धक्क्यावर चालते. त्याहून उंच जागी दोराला बांधलेली जड आकडी वापरतात. तिला वर एक उघडझाप होणारी कडी असते, ती तुमच्या दोरीवर अडकवायची, की आकडी दोरीवरून घसरत थेट माशाच्या डोक्यापाशी पोहोचते. मग दोर एकदाच, ठामपणे वर खेचायचा. दांड्याची आकडी असो वा दोराची, ती दोरीच्या पुढून मारू नका. दोरी कापलीच म्हणून समजा. जागा डोक्यामागे, खांद्यावर. पोटात लागली तर मासा फाटतो आणि पडतो. विक्रमाची नोंद हवी असणाऱ्यांसाठी: आयजीएफएच्या नियमांत आकडीची लांबी 2.44 मीटरपर्यंतच चालते, पण पूल, धक्का आणि तशा उंच जागांना ही मर्यादा लागू नाही. मात्र आकडीला एकच काटा हवा. उंचावरून वापरल्या जाणाऱ्या कित्येक दोराच्या आकड्यांना तीन-चार काटे असतात, त्या त्यात बसत नाहीत.

तुम्ही धक्क्याबद्दल विचारलंय, तरी कातळाबद्दल सांगतो, कारण धक्क्यावर हात बसला की माणसं कातळकड्यावर जातात. तिथे लाट तुमच्यासाठी मासा उचलते. लाट चढताना तिच्याबरोबर दोरी गुंडाळत मासा वर घ्यायचा, लाट परतताना ओढायचं नाही, दोरी सुटू द्यायची. परतीच्या पाण्याविरुद्ध ओढणं म्हणजे माशासकट सगळ्या पाण्याला ओढणं. लाट मासा एखाद्या खालच्या पायरीवर ठेवून जाते, आणि खरा धोका तिथे सुरू होतो. मासा समोर पडलाय, दोन ढांगांवर आहे. खाली उतरू नका. हवामान अंदाजात लाटांची जी उंची सांगतात ती सर्वांत उंच एक तृतीयांश लाटांची सरासरी असते. काही तासांत एखादी लाट तिच्या जवळजवळ दुप्पट उंच येऊ शकते, आणि ती अंदाजाबाहेरची नसते. म्हणून कातळावर गेल्यावर पहिला अर्धा तास काही न करता समुद्र बघायचा. लाट कुठवर ओलं करते ते बघा आणि त्याच्या बऱ्याच वर उभे राहा. जीवरक्षक जाकीट अंगात, खिळ्यांचे तळ असलेले बूट पायात, सोबत एक माणूस आणि फेकायला तरंगणारा दोर. कोणी पडलं तर त्याच्यामागे उडी मारायची नाही. दोर किंवा तरंगणारं काही फेकायचं आणि मदत बोलवायची. जिथून मासा सुरक्षित वर घेता येत नाही, त्या कड्यावरून मी गरवतच नाही.

मासा परत सोडणार असाल तर उंची आणखी महत्त्वाची. आठ मीटरवरून टाकलेला मासा पाण्यावर ताशी पंचेचाळीस किलोमीटरच्या वेगाने आपटतो. "मासा तर पाण्यातलाच," असं म्हणून लोक सहज फेकून देतात. त्या वेगाला पाणी मऊ नसतं. त्याला त्याच ड्रॉप नेटमधून खाली सोडा, कडी पाण्याखाली जाऊ द्या आणि तो स्वतःहून निघेपर्यंत थांबा. वर असताना जबड्याने लटकवू नका. मोठ्या माशाच्या जबड्याचे सांधे आणि मणके स्वतःचं वजन हवेत पेलायला बनलेले नाहीत. आणि वेळ. रेनबो ट्राउटवर 1992 मध्ये प्रसिद्ध झालेल्या फर्ग्युसन आणि टफ्ट्स यांच्या प्रयोगात नुसते दमवलेले मासे 12 टक्के मेले, दमवून तीस सेकंद हवेत ठेवलेले 38 टक्के, आणि साठ सेकंद ठेवलेले 72 टक्के. सगळ्या जातींना हेच आकडे लागू होणार नाहीत, पण ते वाचल्यापासून मी पक्कड आणि मोजपट्टी जाळं वर यायच्या आधी हाताशी ठेवतो. काट्याची उलटी धार पक्कडीने दाबून टाकली की गळ काढायला क्षणभर लागतो. दोरी ताणलेली ठेवलीत तर त्यामुळे मासे फारसे जात नाहीत. पाकट किंवा मोठा शार्क लागला आणि सोडायचाच आहे, तर वर आणूच नका. जितकं खाली जाता येईल तितकं जाऊन लीडर तोंडाजवळ कापा.

एकटे असाल तर माझ्या मते मर्यादा पाच-सहा किलोची. जाळं कठड्याला बांधून, दोर उलगडून, आधीच काठावर तयार ठेवा. मासा दमला की ड्रॅग थोडा सैल करा, रॉड काखेत धरा, दुसऱ्या हाताने जाळं सोडा. त्याहून मोठा मासा लागला तर शेजारच्याला हाक मारा. धक्क्यावर दोर धरायला नाही म्हणणारा माणूस मला आजवर भेटलेला नाही. फक्त त्याला माशाच्या आधी दोन वाक्यांत सांगा: स्थिर धर, डोकं आत आलं की ओढ.

आणि पहिला सराव माशाशिवाय करा. दहा लिटरचा घट्ट झाकणाचा कॅन गोड्या पाण्याने काठोकाठ भरा, म्हणजे समुद्राच्या पाण्यात तो जेमतेम तरंगतो, दमलेल्या माशासारखा. त्याला दोरी बांधून खाली सोडा, रॉडने जाळ्यावर आणा आणि सोबत्याला ओढायला सांगा. दोर हातात कसा बसतो, कडी कुठे घासते, कठड्यापाशी आल्यावर जाळं आत कसं घ्यायचं, हे सगळं त्या तीन-चार फेऱ्यांत कळतं. दोर आखूड आहे हेही तेव्हाच कळतं, आणि ते ओहोटीला करून बघा.